आत्या बोटीत जन्मली, पासपोर्टवर गाव कुठलं लिहू?

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पण आत्याने धागा काढायला लावला. माझी सख्खी आत्या, वय ६७, आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढतीये, लेकीकडे न्यू जर्सीला जायचंय. ऑनलाइन फॉर्म मी भरत होतो आणि ती शेजारी बसून शेंगा सोलत होती. जन्मस्थानाचा रकाना आला, मी सवयीने रत्नागिरी टाइप केलं, शाळेच्या दाखल्यावर तेच आहे, तर म्हणते खोड ते, मी रत्नागिरीत जन्मलेलीच नाही.

घरात सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट अशी. आजी तेव्हा गिरगावात राहायची. फेब्रुवारी १९५८. आठवा महिना सरत आलेला, माहेरी निघाली बाळंतपणाला, भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने. सोबतीला तिचा धाकटा भाऊ, वय चौदा, म्हणजे सोबत म्हणून शून्यच. जयगड सुटलं आणि कळा सुरू. खालच्या डेकवर चार बायकांनी लुगडी धरून आडोसा केला, हर्णैला चढलेली एक कोळीण होती तिने सगळं निभावलं, कुणा प्रवाशाचं दाढीचं कोरं पातं, बोटीवरच्या चहाच्या किटलीतलं उकळतं पाणी, आणि झाली आमची आत्या. रत्नागिरीला बोट धक्क्याला लागायची नाही, लांब उभी राहायची आणि माणसं पडावात (छोट्या होडीत) उतरायची. तर आजीला खुर्चीत बांधून दोराने खाली सोडली आणि बाळ आलं कोळणीच्या पाटीतून. मासळीच्या. पाटी धुतलेली होती असं आजी शेवटपर्यंत सांगायची, आत्याला शंका आहे.

घरात तिला सगळे ‘आगबोट’ म्हणतात, त्यात स्वभावाचाही वाटा आहे.

तर प्रश्न असा की फॉर्मवर गाव, जिल्हा, राज्य भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही आणि आत्या म्हणते ‘अरबी समुद्र’ लिही. काय करू?

फणसाची_आठळी

हसून हसून पुरेवाट झाली!! गाव अरबी समुद्र, तालुका भरती, जिल्हा ओहोटी. आत्यांना माझा नमस्कार सांगा.

ठाण्याचा_ठोकळा

सोपं आहे की. जहाज ज्या देशाचं असतं त्या देशाची ती जमीनच मानतात, तरंगता तुकडा. बोट मुंबई बंदरात रजिस्टर असणार, म्हणजे कायद्याने जन्मस्थान मुंबई. रत्नागिरी लिहिलंत तर चूक होईल. नागरिकत्वाच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय, बघा हवं तर.

कापूसकोंड्या

म्हणजे आत्या मुंबईकर? सतरा वेळा बोट लागून कोकणात निघालेल्या आजीला हे कळलं असतं तर परत फिरली असती 😄

जुना_रजिस्टरवाला

ठोकळासाहेब, तुम्ही वाचलंय ते बरोबर पण लावताय चुकीच्या ठिकाणी. मी जन्ममृत्यू नोंदणीत तीस वर्षं काढली (कुठल्या नगरपरिषदेत ते जाऊ दे), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही म्हणता ते नागरिकत्व कायदा १९५५, कलम २ पोटकलम २. नोंदणी झालेल्या जहाजावर किंवा विमानात जन्म झाला तर ते जहाज जिथे नोंदलंय तिथे जन्म झाला असं समजायचं, आणि सरकारचंच बिननोंदणीचं जहाज असेल तर त्या देशात. पण त्या वाक्याची सुरुवातच आहे ‘या कायद्याच्या प्रयोजनासाठी’. म्हणजे माणूस भारताचा नागरिक होतो की नाही एवढं ठरवायला ते समजायचं. दाखल्यावर गाव कुठलं लिहायचं याच्याशी त्याचा संबंध नाही. हे दोन प्रश्न लोक कायम एकात एक कालवतात, आमच्या खिडकीवर पण कालवायचे.

दाखल्याचा कायदा वेगळा, जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९. त्याखालचे आपल्या राज्याचे नियम २००० सालचे. त्यात चालत्या वाहनातल्या जन्माची तरतूद आहे आणि ती मला आजही तोंडपाठ आहे कारण वाचताना मजा यायची. चालत्या वाहनात जन्म किंवा मृत्यू झाला तर वाहनाच्या प्रमुखाने पहिल्या थांब्याच्या ठिकाणी खबर द्यायची. आणि वाहन म्हणजे काय तर जमिनीवर, हवेत किंवा पाण्यात चालणारं कुठलंही, आणि मग यादीच आहे, विमान, होडी, जहाज, रेल्वेचा डबा, मोटार, मोटारसायकल, गाडी, टांगा आणि रिक्षा. जहाज आणि टांगा एका ओळीत. ज्याने हे लिहिलं त्याला सलाम.

माझ्या हाताखालून अशी एकच केस गेली, रिक्षातली. कायद्याने वाहनाचा प्रमुख म्हणजे रिक्षावाला. बिचारा खबर देणारा म्हणून सही करायला आला, घाबरलेला, म्हणे साहेब माझ्यावर काही येणार नाही ना. मी जन्माच्या जागेच्या रकान्यात ‘इतर ठिकाण’ करून रिक्षाचा नंबर पण लिहिला, गरज नव्हती, पण लिहिला. पोरगी आता इंजिनियर आहे म्हणे.

तर आत्याबाईंचं. १९५८ म्हणजे हा कायदा यायच्या आधीचं. तेव्हा गावात गाव नमुना १४ असायचा, कोतवाल बुक म्हणतात ते, शहरात नगरपालिकेचं रजिस्टर. बोट रत्नागिरीला थांबली, नोंद झाली असेल तर रत्नागिरीतच झाली असणार. आजच्या नियमाने पण पहिला थांबा रत्नागिरीच. बिनधास्त रत्नागिरी लिहा.

कापूसकोंड्या

पण पहिला थांबा म्हणजे बोट थांबली ते पाणी की पडाव की बंदर? आत्या बोटीतून पडावात उतरली तेव्हा पडाव हे दुसरं वाहन झालं. म्हणजे खबर पडाववाल्याने द्यायची? (हलकं घ्या)

जुना_रजिस्टरवाला

तुमच्यासारखे खिडकीवर आले की आम्ही जेवणाची सुट्टी जाहीर करायचो.

चीफ_मेट

धागा वाचून राहवलं नाही. मर्चंट नेव्हीत २२ वर्षं, सध्या घरी सुट्टीवर आहे आणि बायको कामं सांगतीये म्हणून इथे 😀

आधी ‘तरंगता तुकडा’ वाल्यांसाठी. जहाज हा देशाचा तुकडा वगैरे नसतो. जहाजावर झेंड्याच्या, म्हणजे जिथे ते नोंदलंय त्या देशाचा कायदा चालतो एवढंच. ते सुद्धा खुल्या समुद्रात. किनाऱ्यापासून १२ नॉटिकल मैलाच्या आत आलं की किनाऱ्याच्या देशाची हद्द, तिथे त्या देशाचा अधिकार. एक नॉटिकल मैल म्हणजे १८५२ मीटर.

दुसरं, बाळ जन्मलं तर जहाजावर नेमकं काय होतं. जहाजावर ऑफिशियल लॉगबुक म्हणून एक वही असते, डेकवरच्या रोजच्या लॉगपेक्षा वेगळी, तिच्यात कायद्याने ठरलेल्या गोष्टीच लिहायच्या, शिक्षा, अपघात, मृत्यू, आणि जन्म. मास्टर, म्हणजे कप्तान, लिहितो, साक्षीदाराची सही घेतो आणि पुढच्या बंदरात कळवतो. तिथे जन्मस्थान म्हणून गावाचं नाव येणार कुठून, जहाजाचं नाव आणि त्या वेळची पोझिशन, म्हणजे अक्षांश रेखांश. वेळ लिहायची ती जहाजाच्या घड्याळाची, आणि पॅसिफिकमध्ये तारखेची रेषा ओलांडताना ते घड्याळच एक दिवस पुढेमागे होतं. तिथे जन्मलेल्याचा वाढदिवस कधी यावर आमच्या मेसमध्ये एकदा रात्रभर वाद चालला होता, निकाल नाही.

मी स्वतः जन्म नाही पाहिला. मालवाहू जहाजावर गरोदर बाई नसतेच, आणि क्रूझवाले २४ आठवड्यांपुढे कुणाला चढूच देत नाहीत बहुतेक. मृत्यूची नोंद मात्र दोनदा केलीये, त्याबद्दल इथे नको.

आता आत्यांची पोझिशन काढू या का? जयगड ते रत्नागिरी समुद्रातून साधारण १८ ते २० मैल. तेव्हाची आगबोट १० नॉट (तासाला १० नॉटिकल मैल) धरली तर दोन तासांचं अंतर. जयगड सुटल्यावर किती वेळाने झाली हे घरात कुणाला माहीत आहे का? ते चौदा वर्षांचे मामा आहेत का हयात?

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

आहेत! वय ८१, राजापूरला असतात, ऐकायला कमी येतं पण आठवण ठणठणीत. आज संध्याकाळी फोन लावतो.

जर्सीची_जाऊबाई

आत्यांचं स्वागत आहे इकडे 🙂 थंडीत येऊ नका फक्त. व्हिसाच्या फॉर्मवर पण जन्माचं शहर विचारतात आणि ते पासपोर्टशी जुळलं पाहिजे, त्यामुळे पासपोर्टवर जे लिहाल तेच पुढे सगळीकडे चिकटणार हे लक्षात ठेवा.

गंमत म्हणजे इकडे आत्यांच्या मनासारखं होतं. अमेरिकन पासपोर्टवर खुल्या समुद्रात जन्मलेल्या माणसाचं जन्मस्थान चक्क ‘ॲट सी’ असं छापतात, कुठल्याच देशाच्या हद्दीत नसलेल्या विमानातलं असेल तर ‘इन द एअर’. जन्माचा दाखला मात्र बाळाला ज्या राज्यात पहिल्यांदा वाहनातून उतरवतात ते राज्य करतं. गाडी देशातल्या देशात असेल तर उतरवलं तीच जन्माची जागा धरतात, समुद्रातून आलेलं असेल तर नोंद त्या राज्यात पण जागा लिहायची खरी, जेवढी ठरवता येईल तेवढी. म्हणजे आपल्या पहिल्या थांब्यासारखंच थोडंफार.

आणि इथल्या मराठी ग्रुपवर दरवर्षी कुणीतरी विचारतं की अमेरिकन जहाजावर डिलिव्हरी झाली की मूल सिटिझन ना? नाही हो. १९२८ मध्येच कोर्टात निकाल लागलाय, लाम माओ विरुद्ध नेगल. चिनी आईवडिलांचा मुलगा, अमेरिकन व्यापारी जहाजावर खुल्या समुद्रात जन्मलेला, कोर्ट म्हणालं जहाज म्हणजे अमेरिकेची भूमी नव्हे, नागरिक नाही. उलट १२ मैलांच्या आत जन्मला तर जहाज कुणाचंही असो, नागरिक. ठोकळासाहेब वाचताय ना.

ठाण्याचा_ठोकळा

वाचतोय. पण मग कॅनडा? माझा भाचा तिथे वकिली शिकतोय, तो म्हणाला कॅनडाच्या जहाजावर जन्मलेला माणूस कॅनडात जन्मला असंच धरतात, कायद्यात लिहिलंय. म्हणजे माझं अगदीच चुकलं नव्हतं, देश चुकला.

जर्सीची_जाऊबाई

कॅनडाचं तसंच आहे, मान्य. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी म्हणूनच तर गोंधळ.

वंशावळखोर

मी घराण्यांच्या वंशावळी काढतो (छंद, धंदा नाही), त्यामुळे जुन्या नोंदींचा खजिना माहीत आहे. इंग्लंडमध्ये १ जुलै १८३७ पासून समुद्रातल्या जन्मांचं वेगळं रजिस्टर आहे, मरीन रजिस्टर, ब्रिटिश जहाजांच्या कप्तानांकडून आलेल्या नोंदींचं. त्याच्याही आधी एक समजूत होती की समुद्रात जन्मलेलं मूल लंडनच्या स्टेपनी पॅरिशचं (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग). तेव्हा गरिबाला मदत द्यायची जबाबदारी जन्माच्या पॅरिशवर असायची, मग बेवारस जन्मस्थान कुणाच्या गळ्यात मारायचं, तर खलाशांची वस्ती असलेल्या स्टेपनीच्या. कायद्यात असं काही नव्हतं पण लोक खुशाल स्टेपनीला जाऊन हक्क सांगायचे. तिथल्या सेंट डन्स्टन चर्चला आजही समुद्राचं चर्च म्हणतात आणि वर व्यापारी जहाजांचा लाल झेंडा असतो.

ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या जहाजांवर तर इतकी मुलं व्हायची की मधलं नाव जहाजाचं किंवा कप्तानाचं ठेवायची पद्धतच पडली होती. इंग्लंडहून अमेरिकेला निघालेल्या मेफ्लॉवर जहाजावर १६२० मध्ये वाटेत मुलगा झाला त्याचं नाव ओशनस, आणि केप कॉडला नांगर टाकल्यावर जहाजावरच दुसरा झाला तो पेरेग्रीन, म्हणजे प्रवासी. आणि माझा सगळ्यात लाडका, १ जून १७९४ च्या लढाईत एचएमएस ट्रेमेंडस या युद्धनौकेवर तोफा चालू असताना जन्मलेला मुलगा. आईबापांनी मधलं नाव ट्रेमेंडस ठेवलं. पन्नासेक वर्षांनी त्या लढाईत हजर असलेल्यांना पदकं वाटली तेव्हा त्याला पण मिळालं, यादीत हुद्दा लिहिलाय ‘बेबी’.

आपल्याकडचं म्हणाल तर गिरमिटियांची, म्हणजे करारावर परदेशी मजुरीला गेलेल्यांची जहाजं. आपली कोकणची माणसं मुंबई बंदरातून मॉरिशसला गेली, बाकीचे बहुतेक कलकत्त्याहून गयाना, सुरीनाम, फिजीला. मोठ्या सफरींच्या जहाजांवर सर्जन सुपरिंटेंडंट म्हणून डॉक्टर असायचा आणि त्याने सफरीतले जन्म आणि मृत्यू मोजून कळवायचे असत. चढले इतके, मेले इतके, जन्मले इतके, उतरले इतके, हिशेब जुळला पाहिजे. माल मोजल्यासारखा. त्या कागदांत एखाद्या जन्माच्या ओळीवर बोट थांबतं तेव्हा वाटतं की या बाळाला गाव कुठलं सांगितलं असेल पुढे.

फणसाची_आठळी

ट्रेमेंडस!!! आत्याचं नाव मग ‘आगबोट’ रीतसर ठेवायला हवं होतं.

एल्बेकाठी

जर्मनीतून. २०१५ च्या ऑगस्टमध्ये भूमध्य समुद्रात निर्वासितांना वाचवणाऱ्या जर्मन युद्धनौकेवर, श्लेस्विग-होल्श्टाइन नाव तिचं, एका सोमाली बाईला मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं सोफिया, आणि पुढे युरोपियन युनियनने त्या अख्ख्या नौदल मोहिमेलाच ऑपरेशन सोफिया नाव दिलं. मोहिमेला बाळाचं नाव, पण बाळ जर्मन नौकेवर जन्मलं म्हणून जर्मन नाही होत बरं का, इथे नागरिकत्व आईबापांवरून बघतात. जर्मन जहाजांवरचे जन्म नोंदवायला ऑफिस ठरलेलं आहे, बर्लिनचं स्टँडेसाम्ट क्रमांक एक, जहाज कुठेही असो.

मूल कुठल्याच देशाचं राहू नये म्हणून १९६१ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याच्या तिसऱ्या कलमात म्हटलंय की जहाजावर जन्म झाला तर झेंड्याच्या देशात झाला असं धरा, विमानात झाला तर जिथे विमान नोंदलंय तिथे. पण तो त्या करारापुरता, ज्याला दुसरं कुठलंच नागरिकत्व मिळत नाही त्याच्यासाठी. भारताने त्या करारावर सही केलेली नाही.

तुमची आत्या सुखरूप घरी पोचली हे वाचून बरं वाटलं, कोळणीच्या पाटीतून का होईना.

कोचीचा_मराठी

मे २०२० आठवलं. मालदीवहून नौदलाचं आयएनएस जलाश्व ६९८ लोकांना घेऊन कोचीला आलं, त्यात १९ गरोदर बायका होत्या. आम्ही इथे टीव्हीला चिकटून, आणि आई म्हणत होती वाटेत कुणाची वेळ भरली तर? आज या धाग्यामुळे कळलं की नौदलाचं जहाज म्हणजे सरकारचं जहाज, म्हणजे जन्म भारतातच धरला असता. आईला सांगतो, तिला पाच वर्षांनी का होईना उत्तर मिळालं.

जुना_रजिस्टरवाला

बरोबर. आणि उलट केस पण सांगून ठेवतो कारण क्रूझवर, परदेशी जहाजांवर आपली पोरं खूप आहेत. समजा जहाज बहामाजच्या झेंड्याचं, आईबाप भारतीय. मग नागरिकत्व कायद्याच्या कलम २(२) प्रमाणे मूल बहामाजमध्ये जन्मलं असं धरणार, म्हणजे जन्माने नाही तर वंशाने नागरिकत्व. त्यासाठी भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत नोंद करायची, उशीर झाला तर केंद्र सरकारची परवानगी. ते वर्ष चुकवू नका. आणि कुटुंब कायमचं परत आलं तर उतरल्यापासून ६० दिवसांत इथे जन्म नोंदवता येतो, ते आमच्या जन्मनोंदणीच्या कायद्यात, कलम २०.

आणि हो, १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्माचा दाखलाच चालतो. आत्याबाईंना शाळेचा दाखला चालेल.

कराचीकर_नातू

माझे आजोबा कराचीचे, १९३९ चा जन्म, तिथली मराठी शाळा वगैरे. त्यांच्या पासपोर्टवर देश ‘अविभाजित भारत’. जो देश आज नकाशात नाही तो पासपोर्टवर चालतो. आणि आत्यांचं बघा, १९५८ मध्ये महाराष्ट्र राज्य तरी कुठे होतं, मुंबई राज्य होतं, तरी आज फॉर्मवर रत्नागिरी, महाराष्ट्र असंच भरणार ना? म्हणजे तो रकाना आठवणींचा नाहीये, आजच्या यादीतून एक नाव निवडायचं असतं एवढंच. आजोबा एअरपोर्टवर दर वेळी अधिकाऱ्याला समजावत बसायचे, कराचीतल्या त्यांच्या पत्त्यासकट.

एल्बेकाठी

स्विस पासपोर्टवर तर जन्मस्थान नसतंच, मूळ गाव असतं. जिथे पणजोबा होते ते. माणूस तिथे कधी गेलेला पण नसतो.

कापूसकोंड्या

हे आपल्याकडे आणा. ‘गाव कुठलं तुमचं?’ ‘मूळचे आम्ही...’ हा संवाद सरकारी होऊन जाईल.

पंचांगवाले_काका

कुणीच पत्रिकेचं विचारलं नाही म्हणून मी विचारतो. पत्रिका रत्नागिरीवर मांडली असेल तर तपासून घ्या. जन्मस्थळाचे अक्षांश रेखांश लागतात आम्हाला.

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

अपडेट!! मामांशी (माझे मामेआजोबा खरं तर) बोललो, जवळजवळ ओरडून. जसं सांगितलं तसं लिहितो. “जयगड सुटून तास झाला असंल. दिवेलागण. बोटीवरला एक खलाशी मला म्हणाला पोरा, आता गणपतीपुळं आलं बघ, देऊळ दिसायचं नाही पण हात जोड. मी जोडले आणि मागनं पोराचं रडं.” मग म्हणाले की एक साहेब आला होता, टोपीवाला, मोठी वही घेऊन, त्याने बहिणीचं नाव, मेव्हण्याचं नाव लिहिलं, बाळाचं नाव विचारलं. “मी म्हणलं बारसं झालं नाय अजून. तर हसला आणि मला पाव-मस्का दिला.” साठ-पासष्ट वर्षांत ही वहीची गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. आत्या विचारते का नाही सांगितली. “पाव मी एकट्याने खाल्ला म्हणून.”

चीफ_मेट

वही म्हणजे लॉगबुकच असणार. अंगावर काटा आला.

गणपतीपुळे समोर. आगबोट किनाऱ्यापासून चारेक मैल बाहेरून गेली असं धरू, तिथे खडक आहेत, त्याहून जवळ कुणी जाणार नाही. तर आत्यांचं जन्मस्थान अंदाजे १७ अंश ९ मिनिटं उत्तर, ७३ अंश १२ मिनिटं पूर्व. एखादा मैल इकडेतिकडे.

आणि हद्दीचं पण बघून टाकू. आज १२ मैल आहे पण १९५८ मध्ये भारताची हद्द ६ नॉटिकल मैल होती, १९५६ मध्ये तेवढी केली होती, १२ झाली १९६७ मध्ये. चार मैल म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सुद्धा आत. झेंडा, रजिस्टर, काही बघायची गरजच नाही, आत्या भारतातच जन्मल्या. फक्त जमिनीवर नाही.

पंचांगवाले_काका

उत्तम. रत्नागिरीचा रेखांश ७३ अंश १८ मिनिटं. फरक ६ मिनिटांचा, म्हणजे ६ कलांचा. एका अंशाला वेळेची ४ मिनिटं, म्हणजे ६ कलांना २४ सेकंद. लग्नरास बदलत नाही, अगदी काठावर असेल तरच. पत्रिका बरोबर आहे. मामांचं ‘तास झाला असंल’ हे जास्त धोक्याचं, त्यात अर्धा तास इकडेतिकडे होऊ शकतो आणि अर्ध्या तासात बरंच काही होतं.

कापूसकोंड्या

काका, २४ सेकंदांनी आत्यांचा स्वभाव सौम्य झाला असता का?

पंचांगवाले_काका

मंगळ कुठे आहे ते बघून सांगतो.

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

शेवटचा अपडेट. फॉर्मवर रत्नागिरी भरलं. आत्या तयार झाली ती रजिस्टरवाल्या काकांच्या टांगा-रिक्षामुळे, म्हणे नियमात बसत असेल तर माझी हरकत नाही, मी टांग्याच्या ओळीत बसते. काल अपॉइंटमेंट झाली. काउंटरवरच्या मुलीने रूटीन म्हणून विचारलं, आजी जन्म रत्नागिरीचा ना? आणि मी डोळे मिटले. पुढची सात मिनिटं त्या मुलीला कोळीण, पातं, किटली, पाटी सगळं ऐकावं लागलं, मागची रांग पण ऐकत होती, एका काकांनी तर ‘मग पुढे?’ विचारलं. मुलीने शेवटी एवढंच म्हटलं की आजी, इथे सही करा.

चीफ मेटसाहेब, तुम्ही दिलेले आकडे तिने माझ्याकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलेत आणि देव्हाऱ्याशेजारच्या कॅलेंडरवर चिकटवलेत. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते, हे माझं गाव. आता नवीन टुमणं आहे, अमेरिकेला जायच्या आधी तिथे जाऊन यायचं. जयगडला कुणी बोटवाला चार मैल बाहेर नेईल का?

चीफ_मेट

नेईल की, माझ्या ओळखीचे आहेत तिथे. पण आत्ता नाही, पावसाळा पूर्ण जाऊ दे, दिवाळीनंतर समुद्र शांत पडतो तेव्हा या. लाइफ जॅकेट मी आणतो. आत्यांना बोट लागत नाही ना?

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

जयगड-तवसाळ फेरीबोटीत लागते. दहा मिनिटांत.